दर्यात गेलेल्यांची नावे

मुंबईत बोरिवली पश्चिमेच्या एकसर गावठाणात सहा वीरगळ उभे आहेत. माणसाच्या उंचीहून मोठ्या या दगडांपैकी बहुतेकांवर समुद्रावरची लढाई कोरली आहे. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या पट्टीत गलबतांची रांग दिसते: दोन्ही टोके उंच उचललेली, मध्ये डोलकाठी, कडेने वल्ह्यांची दाटी. त्यावरच्या पट्ट्यांत गलबते एकमेकांना भिडतात, माणसे पडतात. आणखी वर पडलेल्यांना स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा येतात, शिवलिंगाची पूजा येते, आणि शेंड्याला कलश. मराठी मुलखात दर्यावर्दींसाठी उभारलेले याहून जुने स्मारक बहुधा सापडणार नाही.

इतिहासकार हे दगड १२६५ च्या सुमारास झालेल्या एका युद्धाशी जोडतात. एका बाजूला देवगिरीचा यादव राजा महादेव, दुसऱ्या बाजूला उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर. महादेवाचा मंत्री हेमाद्री याने आपल्या धन्याची प्रशस्ती लिहिताना सोमेश्वरावर एक शेलका टोमणा मारला आहे: महादेवाच्या कोपापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला. म्हणजे राजा बुडाला. हरलेल्या राजाचे नाव निदान टोमण्यात तरी टिकले. वल्ही मारणाऱ्यांचे तेवढेही झाले नाही. दगडावर वल्ही मोजता येतात, पण वाचता येईल असा लेख त्यावर नाही.

दर्यावर्दींच्या समाध्या, कबरी आणि स्मारके हा या लेखमालेचा विषय आहे, आणि एकसरच्या दगडांत तो जवळजवळ पुरा सामावला आहे. जमिनीवरच्या लढाईला पत्ता असतो. पानिपत कुठे झाले ते बोट दाखवून सांगता येते, तिथे माती उकरली तर काहीबाही हाती लागते. समुद्रावरच्या लढाईचे दुसऱ्या दिवशी सकाळी नामोनिशाण नसते. शिडाच्या जहाजांच्या काळात मेलेल्या खलाशाला त्याच्याच झोळीत किंवा शिडाच्या कापडात शिवत, पायाशी तोफेचे गोळे बांधत आणि प्रार्थना म्हणून पाण्यात सोडून देत. घरच्यांना कळे ते महिन्यांनी, कधी वर्षांनी. स्मारक बांधायचे तर मृतदेहाशिवाय आणि जागेशिवायच बांधावे लागते. मग ते कुणासाठी बांधायचे आणि त्यावर काय लिहायचे, हे किनाऱ्यावर राहिलेले लोक ठरवतात. हे ठरवताना शतकानुशतके त्यांनी सर्वांत आधी हुद्दा पाहिला.

नेल्सनचे उदाहरण घ्या. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत तो गोळी लागून मेला. त्याच्या जहाजावर त्या दिवशी मेलेले साधे खलाशी समुद्रात सोडले गेले. नेल्सनचा देह ब्रँडीच्या पिंपात घालून इंग्लंडला नेला. ९ जानेवारी १८०६ रोजी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये तो पुरला, आणि वर मूळची कार्डिनल वुल्झीसाठी घडवलेली काळ्या संगमरवराची पेटी बसवली. जिब्राल्टरला 'ट्रफाल्गर सिमेट्री' नावाची दफनभूमी आहे. नाव एवढे मोठे, पण त्या लढाईत जखमी होऊन मेलेले फक्त दोघेच तिथे पुरलेले आहेत. हाच नेल्सन १७७५ मध्ये, मिशीही न फुटलेला मिडशिपमन असताना, 'सीहॉर्स' जहाजावरून मुंबईला आला होता. पुढे हिंदी महासागरातच तापाने तो इतका खंगला की त्याला मायदेशी पाठवावे लागले. त्या प्रवासात तो गेला असता तर पायाशी गोळे बांधून विषय संपला असता.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट मात्र लंडनच्या दुसऱ्या एका इमारतीतून सुरू करावी लागते. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये व्हाइस ॲडमिरल चार्ल्स वॉटसन याचे भव्य स्मारक आहे. ईस्ट इंडिया कंपनीने पैसे दिले, जेम्स स्टुअर्टने आराखडा केला आणि शीमेकर्स या शिल्पकाराने ते घडवले. रोमन पोशाखातला वॉटसन मध्ये उभा आहे. एका अंगाला गुडघे टेकलेली स्त्री म्हणजे इंग्रजांनी परत मिळवलेले कलकत्ता, दुसऱ्या अंगाला साखळदंडातला कैदी म्हणजे चंद्रनगर. खाली वॉटसनच्या विजयांची नावे कोरली आहेत, त्यांत एक आहे 'घेरिया', तारीख १३ फेब्रुवारी १७५६. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग.

त्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या आरमाराने विजयदुर्गावर तोफा डागल्या. विजयदुर्ग ताब्यात असलेल्या तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनीच इंग्रजांना हाताशी धरले होते. बंदरात एका जहाजाला आग लागली, ती पसरली आणि आंग्र्यांचे आरमार किनाऱ्यालगत जळून गेले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला, तो पुन्हा समुद्रावर आला नाही. वॉटसनही फार जगला नाही. १६ ऑगस्ट १७५७ रोजी, प्लासीच्या लढाईला दोन महिने व्हायच्या आत, तो कलकत्त्यात तापाने मेला, आणि तिथल्या सेंट जॉन चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. म्हणजे या ॲडमिरलची कबर हुगळीकाठी, स्मारक थेम्सकाठी, आणि त्या स्मारकावरचा पराक्रम वाघोटनच्या खाडीतला. जळालेल्या आंग्रे आरमारावर जे होते त्यांची यादी इंग्रजांकडे असण्याचे कारण नव्हते. आपल्याकडेही ती नाही, आणि याला कारण द्यायला कुणी परका नाही.

आंग्र्यांच्या घराण्यातल्या सर्वांत मोठ्या माणसाची समाधी अलिबागला छत्रीबागेत आहे. ४ जुलै १७२९ रोजी सरखेल कान्होजी आंग्रे वारले. इंग्रज त्यांना चाचे म्हणत आले. कंपनीने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर चढाई केली, १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, आणि तिन्ही वेळा त्यांना हात हलवत परतावे लागले. कुलाबा किल्ला पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या झुंडी भरती-ओहोटीची वेळ विचारतात, घोडागाडीचा दर विचारतात, आणि समाधीचा रस्ता न विचारताच परततात. भारतीय नौदलाने मात्र आठवण ठेवली. मुंबईतल्या त्यांच्या तळाला १९५१ मध्ये 'आयएनएस आंग्रे' हे नाव मिळाले. ज्या कोटाच्या भिंतींआडून कंपनीने कान्होजींवर मोहिमा आखल्या, त्याच परिसरात हा तळ आहे. एवढा नेमका सूड क्वचितच कुणाला साधतो.

अलिबागहून दक्षिणेला मुरूडकडे गेले की खोकरी गावाजवळ दगडी घुमट दिसतात. त्यांतली सर्वांत मोठी कबर सिद्दी सिरूलखानाची. तिच्याजवळच्या दोन लहान कबरी सिद्दी कासीम आणि सिद्दी खैरियतखान या भावांच्या. जंजिऱ्याच्या आरमाराचा प्रमुख कासीम हा शिवाजी महाराजांचा पुरा वैरी होता. पुढे याकूतखान म्हणून त्याने १६८९-९० मध्ये मुंबई बेटावर उतरून इंग्रजांनाही किल्ल्यात कोंडले. खोकरीच्या जाळीदार खिडक्या आणि कोरीव कमानी पाहण्याजोग्या आहेत. शत्रूची कबर म्हणून मराठी माणसाने तिच्याकडे पाठ फिरवायचे काही कारण नाही. या किनाऱ्याचे आरमारी युद्ध समजून घ्यायचे तर छत्रीबाग आणि खोकरी या दोन्ही जागा एकाच फेरीत पाहाव्यात.

कारण ते युद्ध दोन बेटांवर समोरासमोर लढले गेले. १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेट बांधायला काढले. महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी पावसाळी हवेत, तोफांच्या माऱ्यात रसद पोचवत ते काम चालू ठेवले. बेटावर उतरू पाहणारा इंग्रज लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प त्या सप्टेंबरात मारला गेला. उत्तर म्हणून १६८० च्या जानेवारीत सिद्दी कासीमने शेजारचे उंदेरी बळकावले. मायनाक भंडारी यांची समाधी रत्नागिरीजवळच्या भाट्ये गावात दाखवली जाते. खांदेरीवर चिरे वाहणाऱ्या होड्यांवर कोण होते, हे मात्र कुठल्याच दगडावर नाही.

ही उणीव पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर भरून निघाली ती विसाव्या शतकात, आणि तीही परक्या सरकारच्या हिशेबी वृत्तीमुळे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी ठरवले की मेलेल्या प्रत्येकाचे नाव लिहायचे, हुद्दा काहीही असो. युद्धकबरींचे काम पाहणाऱ्या आयोगाने सेनापती आणि शिपाई यांना एकाच मापाचा दगड दिला. ज्याची ओळख पटली नाही त्याच्या दगडावर, हा देवाला ठाऊक आहे, अशा अर्थाचे शब्द घातले. ते शब्द सुचवले रुडयार्ड किपलिंगने. तो जन्मला मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. त्याचा एकुलता एक मुलगा १९१५ मध्ये फ्रान्समध्ये बेपत्ता झाला आणि बापाच्या हयातीत त्याचा देह सापडला नाही.

दगड ठेवायला कबर लागते, आणि नाविकांना तीच नव्हती. म्हणून पोर्ट्समथ, प्लिमथ आणि चॅटम या तीन नौदल बंदरांत रॉबर्ट लॉरिमर या वास्तुरचनाकाराच्या आराखड्याचे तीन सारखेच स्तंभ उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना दिशा ओळखायला उपयोग व्हावा, अशा बेताने त्यांची उंची आणि आकार ठरवला गेला. स्मारकाकडून काही काम करून घ्यायचे ही कल्पना खास दर्यावर्दी म्हणायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांत भर पडली, आणि आज तिन्हींवर मिळून साठ हजारांहून अधिक नावे आहेत. व्यापारी जहाजांवर मेलेल्यांसाठी लंडनच्या टॉवर हिलवर वेगळे स्मारक झाले. त्याचा पहिला भाग नवी दिल्ली रचणाऱ्या एडविन लटियन्सचा, १९२८ सालचा. तिथे नावे जहाजवार लावलेली आहेत, म्हणजे बरोबर बुडालेले बरोबर राहतात.

सगळे मात्र नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर हिंदी खलाशी हजारोंनी होते. डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातले आणि गुजरातचे, इंजिनखोलीत पंजाबी, पठाण किंवा सिल्हेटी, जेवणघरात आणि केबिनींत गोवेकर, अशी कामाची वाटणी अनेक बोटींवर असे. वर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, मग सुकाणी आणि साधे खलाशी, तळाशी भट्टीपुढे आगवाले आणि कोळसेवाले. पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराचा एखादा हिस्सा. टॉर्पेडो पाण्याखाली लागतो आणि आगवाला पाण्याखालीच काम करतो, तेव्हा मरणात त्याचा नंबर बहुधा पहिला. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री जर्मन पाणबुडीने 'सिटी ऑफ बनारस' बुडवली. युद्धापासून दूर कॅनडाला निघालेली ७७ मुले तीत गेली, म्हणून ती बोट इंग्लंडच्या स्मरणात राहिली. तिच्यावरच्या मृत कर्मचाऱ्यांत हिंदी खलाशांचा भरणा मोठा होता, हे सांगावे लागते.

या खलाशांची नोंद टॉवर हिलवर नाही. पहिल्या महायुद्धात गेलेल्या आणि कबर न मिळालेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचे स्मारक मुंबईत आहे, मशीद बंदर स्टेशनच्या पूर्वेला, 'इंडियन सेलर्स होम'मध्ये. दुसऱ्या युद्धातल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरच्या जवळपास ६,००० जणांची नावे एका वहीत लिहिली गेली. वहीची एक प्रत मुंबईत, दुसरी चितगावच्या युद्धस्मशानभूमीत. एकाच बोटीवर, एकाच टॉर्पेडोने मेलेला गोरा खलाशी लंडनला ब्राँझच्या पत्र्यावर गेला आणि रत्नागिरीचा खलाशी कागदावर. हिशेब चोख ठेवणाऱ्यांनीही पंक्तिभेद केला तो असा. तरीही एवढे मान्य करायला हवे की या वहीने जे केले ते त्याआधी कुठल्याच राजाने, पेशव्याने किंवा कंपनीने केले नव्हते.

कलकत्त्याने हेच काम वेगळ्या पद्धतीने केले. हुगळीच्या काठी १९२४ मध्ये बंगाल, आसाम आणि उत्तर भारतातल्या ८९६ खलाशांच्या स्मरणार्थ उंच मनोरा उभा राहिला. त्याच्या चारही बाजूंना जुन्या गलबतांची नाळ पुढे आलेली आहे, वर छत्र्या आणि घुमट. दिसायला ही वास्तू मुंबईच्या स्मारकापेक्षा कितीतरी देखणी. मुंबईचे स्मारक मात्र गोदीतल्या माणसांच्या वस्तीत, खलाशांच्या निवाऱ्याच्याच इमारतीत आहे. देखणेपणाला बाजूला ठेवले तर जागेची निवड मुंबईची सरस.

बुडालेले जहाज हीच कबर, असेही आता मानले जाते. स्कॉटलंडच्या स्कापा फ्लो बंदरात १४ ऑक्टोबर १९३९ रोजी 'रॉयल ओक' ही युद्धनौका आठशेहून अधिक माणसांसह बुडाली. दरवर्षी त्या तारखेला नौदलाचे पाणबुडे खाली जाऊन तिच्यावर ध्वज लावतात. ब्रिटनमध्ये १९८६ पासून अशा जहाजांना कायद्याचे संरक्षण आहे. पण परक्या देशांच्या पाण्यात तो कायदा चालत नाही. जावा समुद्रात १९४२ मध्ये बुडालेल्या डच आणि ब्रिटिश युद्धनौकांचा २०१६ मध्ये शोध घेतला, तेव्हा 'डी रॉयटर' आणि 'जावा' ही जहाजे तळावरून नाहीशी झाली होती. भंगारवाल्यांनी त्यांचे लोखंड कापून नेले होते. आतल्या माणसांच्या अस्थींचे काय झाले ते सांगण्याची सोय नाही.

भारताच्या वाट्याला अशा दोन कबरी एकाच आठवड्यात आल्या. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विशाखापट्टणमसमोर सर्व माणसांसह बुडाली. ती आजही तिथे आहे. भारतीय नौदलाने तिचा ठावठिकाणा काढला, पण मेलेल्यांचा मान राखून तिला वर काढलेले नाही. ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर 'आयएनएस खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले लाईफ जॅकेट एका नाविकाला दिले आणि ते जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. दीवला समुद्रासमोरच्या टेकाडावर काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती ठेवली आहे. हे स्मारक झाले १९९९ मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी. तोवर विधवांची मुले नोकरीला लागली होती.

उशीर हा या स्मारकांचा स्थायी स्वभाव दिसतो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत रॉयल इंडियन नेव्हीच्या 'तलवार' या तळावर नाविकांचा संप सुरू झाला. दोनचार दिवसांत तो ७८ जहाजांवर आणि सुमारे २०,००० नाविकांत पसरला. त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरलेले दोनशेहून अधिक मुंबईकर गोळीबारात मेले. काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी नाविकांना शरण जायला सांगितले. स्वतंत्र देशाच्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही. कुलाब्यातले नाविकांच्या उठावाचे स्मारक उघडले ते डिसेंबर २००१ मध्ये. त्या मानाने गोवा मुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावर गेलेले सात नाविक नशीबवान. गोव्यातल्या 'आयएनएस गोमंतक' तळावर त्यांचे स्मारक आहे आणि तिथे नेमाने मानवंदना दिली जाते.

पुढच्या लेखांत यांतल्या एकेका जागेची सविस्तर ओळख होईल. वाचकांना त्याआधी एक विनंती. दापोली, गुहागर, रत्नागिरी, राजापूर, मालवण, बार्देश, सासष्टी या भागांत क्वचितच असे गाव असेल जिथला कुणी बोटीवर गेला नाही. घरातला कुणी १९१४ ते १९१८ किंवा १९३९ ते १९४५ या काळात गेला आणि परतला नाही, असे आजीच्या तोंडून ऐकले असेल, तर त्याचे नाव शोधा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. पुष्कळ नोंदींत बापाचे आणि गावाचे नावही आहे. इंग्रज कारकुनांनी नावे कानाला पडली तशी लिहिली, तेव्हा एका स्पेलिंगने सापडले नाही तर थांबू नका. बोटीचे नाव किंवा मृत्यूची तारीख माहीत असेल तर त्यावरून माग लागतो. जहाजाचा दाखला, कंपनीचे पत्र, पेन्शनचा कागद जपून ठेवा. नाव चुकीचे नोंदले असेल, तर असा पुरावा देऊन ते दुरुस्त करून घेता येते.